गाऱ्हाण्याचा नारळ

अंगठ्याला कुंकू लागलं, म्हणून चंद्रप्रकाशनी मांडीवरचा नारळ फिरवून पाहिला. कुंकवाखाली भोक होतं.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नारळाचे डोळे वर, शेंडीपाशी होते. हे भोक मधोमध होतं. बारीक, गोल, कडा तासल्यासारखी साफ.

समोरच्या बंद दारामागे त्यांची बायको नलिनी ऑपरेशनच्या टेबलावर पालथी होती. तिच्या कण्यातला एक मणका पुढे सरकला होता. डावा पाय बधिर होत चालला होता. आज मणक्यांत भोकं पाडून स्क्रू बसवायचे होते.

चंद्रप्रकाश मुलुंडच्या एका शाळेतून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेले. कण्याविषयी मिळेल ते त्यांनी वाचून काढलं होतं. त्याने भीती कमी झाली नाही, नेमकी झाली. हाडाची पातळ भिंत, आणि तिला लागूनच नसा. ड्रिल जरासं पुढे गेलं की पाय कायमचा गेला.

हे ड्रिल नवं होतं. त्यांचा मुलगा सुयोग ते बनवणाऱ्या अंधेरीच्या कंपनीतच कामाला होता. ड्रिलच्या टोकातून अल्ट्रासाउंडच्या लहरी पुढे जातात, पुढे किती हाड उरलंय ते कळवतात आणि भिंत संपत आली की ड्रिल आपोआप थांबतं. सुयोग डॉक्टरांना ते आधी नारळावर चालवायला शिकवायचा. करवंटीला भोक पडायचं, आतलं खोबरं शाबूत राहायचं. ते नारळ मग त्यांच्या कांजूरच्या घरी यायचे. वर्षभर घरात सोलकढीला तोटा नव्हता.

सुयोगने दोघांनाही सगळं समजावलं होतं. दोघंही घाबरलेलेच होते. पण मागच्या आठवड्यात नलिनी त्याच्याबरोबर अंधेरीला जाऊन आली आणि दारातूनच म्हणाली, "करूया." चंद्रप्रकाशनी नुसती मान हलवली होती. मनातून अजूनही हो म्हटलेलं नव्हतं.

आज सकाळी त्यांनी गाऱ्हाणं घातलं. मोठ्या कामाआधी देवापुढे नारळ ठेवून मागणं मागायचं आणि काम तडीस गेलं की तोच नारळ फोडायचा, ही त्यांच्या घरची रीत. वडील गाऱ्हाणं घालायचे तेव्हा अख्खी चाळ ऐकायची. चंद्रप्रकाशचा आवाज देवघराबाहेर जात नसे.

"बा देवा म्हाराजा, आज नलिनीच्या पाठीचा ऑपरेशन आसा. तिका चलत घराक येवंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" नलिनीच ओरडली. "अहो, जरा मोठ्यानं. देवाला ऐकू तरी जाऊ दे."

नारळही तिनेच काढून दिला होता. ओल्या कुंकवाचं बोट लावून. निघताना त्यांनी तो पिशवीत घालून सोबत आणला.

सुयोगने आणलेल्या भोकाच्या नारळांतलाच एक घाईत तिच्या हाती लागला असणार. आणि आपण न बघता तो देवापुढे ठेवला. वडिलांनी असला नारळ देवघराच्या आसपास फिरकू दिला नसता. एवढं एक काम आपल्याकडे होतं.

सुयोग चहा घेऊन आला. चंद्रप्रकाशनी नारळ पुढे केला. सुयोगने भोकावर बोट फिरवलं.

"हा कुणी ठेवला?"

"तुझ्या आईने दिला. मी पाहिलाच नाही रे. सगळं पाणी गळून गेलं असेल."

सुयोगला हसू आलं. त्याने ते चहाच्या कपामागे दडवलं.

"हलवून बघा ना, बाबा."

"नको."

"अहो, नुसता कानाशी धरा."

"नको म्हटलं ना!" चंद्रप्रकाशनी नारळ पिशवीत घातला आणि पिशवी अगदी स्थिर धरून बसले.

दार उघडलं तेव्हा चहावर साय धरली होती. डॉक्टर हेमांगीबाई मास्क खाली ओढत बाहेर आल्या. "छान झालं, काका. शुद्धीवर आल्यात. दोन्ही पायांची बोटं हलवली. डावीकडची मला जरा जास्तच जोरात हलवून दाखवली."

 

संध्याकाळी नलिनीला खोलीत आणलं. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा. चंद्रप्रकाश पिशवी छातीशी धरून खाटेजवळ गेले. सांगितल्याशिवाय त्यांना राहवेना.

"नलिनी, एक चूक झाली गं माझ्याकडून. गाऱ्हाण्याचा नारळ..."

"हलवा."

"काय?"

"नारळ हलवा, अहो."

त्यांनी नारळ कानाशी धरला. डोळे मिटून हलवला. आत पाणी खळखळलं. भरपूर होतं. त्यांनी पुन्हा हलवला.

"चूकबिक काही नाही," नलिनी म्हणाली. "मुद्दाम हाच दिला मी. ते भोक मीच पाडलंय. सुयोगच्या ऑफिसात."

"तू? तुला त्यातलं काय येतं?"

"काही नाही. म्हणून तर बघायचं होतं. म्हटलं, फुटू दे एकदाचा, म्हणजे ऑपरेशन नको म्हणायला मी मोकळी. अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून दाबलं. तर ड्रिल आपलं आपण थांबलं."

चंद्रप्रकाशनी भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"आणि माझे तर डोळे घट्ट मिटलेले होते," नलिनी म्हणाली. "डॉक्टरबाईंचे निदान उघडे तरी होते ना?"