मालागाचा फोटो

दार धडाधडा वाजलं तेव्हा नूराचे दोन्ही हात तांदळाच्या पिठात होते.

"उठू नको," शरीफा म्हणाली. "ओढणी डोक्यावरून घे. आणि तोंडातून अक्षर काढलंस तर याद राख."

नूरा कुवेती. बाप लष्करात मोठा अधिकारी, इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या त्या दिवसापासून गायब. तो सापडेना म्हणून आता त्याच्या माणसांना धरून नेत होते. नूराने पळून दार गाठलं ते शरीफाचं, कारण त्यांच्या घरी कामाला असताना शरीफानेच तिला न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं. फरवानिया वस्तीतल्या दोन खोल्यांत ती आता शरीफाची सून झाली होती. खरी सून रिदा बाळंतपणाला रत्नागिरीला गेलेली. तिचे कपडे नूराला आखूड पडत होते.

शिपाई दोन. एक दारातच राहिला. दुसरा, पिकल्या मिशांचा, बुटांसकट आत आला. शरीफाने आधी त्याच्या बुटांकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"घरात कोण कोण?"

"मी आणि माझी सून. मुलगा पासपोर्ट घेऊन अम्मानच्या बसची चौकशी करायला गेलाय." तिचं अरबी दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात शिकलेलं, पण धार तिची स्वतःची. "चपला बाहेर काढतात आमच्याकडे."

त्याने कपाट उघडलं, पलंगाखाली वाकून बघितलं, मग गॅसपाशी येऊन उभा राहिला. नूराने भाकरी तव्यावर टाकली. ती मधोमध फाटली.

"ही सून?"

शरीफा त्याला उत्तर न देता नूरावर घसरली, सरळ आपल्या कोकणी बोलीत. "फाडलीस? पाणी लाव म्हटलं तर हात आखडतो! बापाच्या घरी नुसतं बसून गिळलंस, आता माझ्या नशिबी आलीस!"

नूराने मान खाली घातली. ही बोली तिला कळत होती. लहानपणी याच बोलण्यावर तिचे घास उतरले होते.

शिपायाच्या मिशा हलल्या. सासू कुठल्याही मुलखात ओळखू येते. तो जायला वळला, आणि शोकेसपाशी थांबला.

तो फोटो काढून ठेव म्हणून उस्मानने आईला हात जोडले होते. शरीफाने ऐकलं नव्हतं. आपण स्पेन बघून आलो हे तिने बिल्डिंगभर सांगितलं होतं. कुणाबरोबर गेलो, ते सांगितलं नव्हतं. आल्यागेल्याची नजर आधी त्या फोटोवर पडावी अशीच त्याची जागा होती.

आताही पडली.

मागे किल्ला, खाली बंदर, बंदरात जहाजं. दगडी पायऱ्यांवर हिरव्या साडीतली शरीफा, तोंड उघडं, काहीतरी बोलतानाच टिपलेली. शेजारी जीन्समधली, मोकळ्या केसांची नूरा, हसत.

शिपायाने फोटो उचलला. गॅसकडे बघितलं, परत फोटोकडे.

"हे कुठलं?"

"मालागा. स्पेनमधलं समुद्रावरचं जुनं शहर. किल्ला अरबांनीच बांधलेला."

"स्पेनला कुवेती जातात. मोलकरणींना घेऊन."

तो शब्द शरीफाने गिळला. "का? आम्हाला डोळे नाहीत? माझ्या मुलाने नेलं. सुनेची हौस. याहून दांडगा किल्ला आमच्या गावाजवळ आहे, पण तो हिला फुकट दिसतो ना!"

तो फोटो घेऊन खिडकीच्या उजेडात गेला. तव्यावर भाकरी करपायला लागली. नूराने ती उलटली नाही.

"हिच्या हातात काय आहे?"

शरीफाला बघायची गरज नव्हती. "माझ्या चपला. चढताना अंगठा तुटला."

शिपायाने पुन्हा निरखून बघितलं. मग हसला, आणि फोटो दारातल्या जोडीदाराला दाखवला.

"कुवेतची पोरगी मोलकरणीच्या चपला हातात धरेल? चल. सूनच आहे."

फोटो त्याने शोकेसवर पालथा टाकला. "हज्जिया, हिला भाकरी शिकव."

"तुझ्या बायकोलाही पाठव. दोघींना एकदम शिकवते."

बूट जिना उतरत गेले. खालचं दार आपटलं. जीप सुरू झाली, लांब गेली. तेव्हा कुठे नूराने गॅस बंद केला. शरीफा उभी होती तिथेच खाली बसली.

"मां," नूरा म्हणाली. "त्या दिवशी तू केवढी ओरडत होतीस मला. 'टाक त्या चपला खाली, लोक बघतायत!'"

शरीफाने दाराकडे बघितलं. दाराशी शिपायाच्या पायाने उडवलेल्या तिच्या चपला पडल्या होत्या, एक इकडे, एक तिकडे. पालथा फोटो सरळ करायला ती उठू लागली.

नूरा पिठाच्या हातांनीच गेली. दोन्ही चपला उचलून आणल्या आणि शरीफासमोर वाकली.

"घाल," शरीफा म्हणाली. "आता कोण बघतंय."

आणि तिने पाय पुढे केले.