एकोणिसानंतर

“आता मी दिवे बंद करणार आहे. घाबरायचं नाही, जागेवरून हलायचं नाही आणि मोबाइल खिशातून काढायचा नाही.”

गाइडने हे जमेल तितक्या ठसक्यात सांगितलं. आज तिची पहिलीच फेरी. गुहेच्या सगळ्यात खोल दालनात, चुनखडीच्या खांबांमधून वळत जाणाऱ्या वाटेवर, एकोणीस पर्यटक कठड्याला धरून उभे होते. तिला दिसत होते पुढचे सात-आठ. बाकीचे खांबांआड होते. बाहेर जंगल उन्हाने उकळत होतं आणि इथे छतातून थेंब टपकत होते.

“दाराशी प्रत्येकाला एक आकडा दिलाय. मिनिटभर अंधार बघायचा. मग मी ‘चला’ म्हटलं की एकापासून क्रमाने आपापला आकडा सांगायचा. एकोणीस आले की दिवे लागतील.”

“आणि नाही आले तर?” एका गोलमटोल काकांनी विचारलं.

“तर आपण सगळे इथेच मुक्कामाला!”

सगळे हसले. तिला काही हसू आलं नाही.

हा आकड्यांचा नियम तिच्या बाबांमुळेच आला होता. सव्वीस वर्षं ते याच गुहेत गाइड होते. खडकाला हत्ती म्हणायचे आणि समोरच्याला सोंड दिसेपर्यंत सोडायचे नाहीत. सहा वर्षांपूर्वी एकदा परतताना त्यांनी डोकी मोजली आणि त्यात, पाणी द्यायला आत आलेला पहारेकरीही मोजला. संख्या बरोब्बर जुळली. दिवे बंद झाले, दाराला कुलूप लागलं, आणि फोटो काढायला मागे रेंगाळलेल्या एक बाई दोन तास काळोखात अडकल्या. सुखरूप निघाल्या. बाहेर येताच त्यांनी आधी चहा मागितला, मग बाबांना चार शब्द सुनावले आणि जाताना माफही करून टाकलं. वनखात्याच्या साहेबांनीही केलं. बाबांनी स्वतःला केलं नाही. त्यांनी टोपी खुंटीला अडकवली ती अडकवलीच. अंधाराचा असा धसका घेतला की झोपतानाही खोलीतला दिवा चालू. आई बिचारी डोळ्यांवर उशी घेऊन झोपायची.

मुलीने जंगलाच्या वेडापायी ही नोकरी धरली, असं सगळ्यांना वाटलं. खरं म्हणजे तिला बाबा परत हवे होते. त्या बाई दोन तासांनी बाहेर आल्या होत्या, बाबा अजून आतच होते. आज सकाळी तिने धीर करून विचारलं होतं, “बाबा, पहिल्या फेरीला याल ना?”

“मी त्या भोकात पाय ठेवायचा नाही. तू जा. आणि डोकी नीट मोज.”

तिने खुंटीवरची टोपी काढली तेव्हा मात्र ते उठून आले. टोपीवरची धूळ झटकली आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. ती वाईट वाटून घेतच कामावर आली होती. दाराशी तिकिटं फाडणारे काका, बाबांचे जुने दोस्त, तिला बघून उगाचच गालातल्या गालात हसत होते. तिला त्यांचाही राग आला होता.

तिने बटण दाबलं. अंधार झाला. डोळ्यांसमोर धरलेला हातही दिसेना. कुणीतरी “बाप रे” म्हटलं. मग नुसती टपटप ऐकू येत राहिली. तिने मनात साठपर्यंत मोजलं.

“चला.”

“एक.” “दोन.” “तीन.” आवाज वळणावळणाने मागे मागे जात राहिले. “बारा.” “तेरा.”

पुढे काहीच नाही.

“चौदा?” तिने हाक दिली. “चौदा कोण आहे?” या वेळी तिचा आवाज चिरकला.

“अगं बाई, मीच की ती!” एक आजी म्हणाल्या. “इतका छान काळोख, म्हटलं जरा डोळे मिटून घ्यावेत.”

गुहाभर हशा पिकला. तीही हसली, आज पहिल्यांदाच. “पंधरा.” “सोळा.” “सतरा.” “अठरा.” आणि दूर खांबांआडून कुणीतरी घाईघाईने म्हणालं, “एकोणीस.”

सगळे होते. तिचा जीव भांड्यात पडला. हे घरी जाऊन बाबांना सांगायचं, असं तिने ठरवलं आणि चाचपडत बटणावर बोट ठेवलं.

तेवढ्यात रांगेच्या पार शेवटून कुणीतरी घसा खाकरला. आवाज जरासा कापत होता.

“वीस,” बाबा म्हणाले.