कपिलेचं दूध

गुरांच्या डॉक्टरांनी कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवले, तेव्हाच गरोदर रेवतीच्या काळजात धस्स झालं. कपिला गाय पहाटे गाभडली होती, दिवस भरायच्या आधीच मेलेलं वासरू पडलं होतं.

“गाभ पाडणारा हा रोग कच्च्या दुधातून माणसालाही लागतो,” डॉक्टर म्हणाले. “गरोदर बाईचं मूल जाऊ शकतं. दूध उकळूनच पिता ना?”

“मग? आमी काय येडी हाय व्हय?” सासू फणकारली. हीच बाई रोज धारेखाली पेला धरून सुनेला कपिलेचं दूध पाजायची. नको म्हटलं तर ऐकवायची, “पिशवीच्या दुधावर वाढलेली तू, तुला काय कळतंय गं?”

आताही तिनं डोळे वटारले. त्या डोळ्यांना भिऊन रेवतीनं आजवर सगळं गिळलं होतं. पण आज त्याहून मोठं भय पोटाशी होतं.

“डॉक्टर, मी रोज कच्चंच प्यायले,” ती म्हणाली. “आणि काल दुपारपासून बाळ हललेलं नाही.”