अजून खोल

समुपदेशक बाईंनी मुलीला एकटीलाच आत घेतलं आणि दार लावून घेतलं, तेव्हा आई अजिबात घाबरली नाही. परीक्षेला आपली पोर बसलेली असावी आणि प्रश्नपत्रिकाही आपणच काढलेली असावी, अशा निवांतपणे ती कोर्टाच्या बाकावर टेकली.

शेजारी तिचा धाकटा भाऊ पाय हलवत होता.

"ताई, नीट पढवलंयस ना? आत भलतंच काही बोलली, तर पोरगी गेली बापाकडे."

"पढवायला ती काय पोपट आहे? मी तिला विचार करायला शिकवलंय."

हे खरंच होतं. पढवणं हे अडाणी लोकांचं काम. आई गेली काही वर्षं सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांचा वाचनवर्ग घेत होती. गोष्ट कशी वाटली, या प्रश्नाला 'छान' असं उत्तर देणाऱ्याची तिथे धडगत नसे. छान म्हणजे काय? कोण कसं वागलं? का वागलं? मनात काय होतं आणि तोंडानं काय बोलला? शेजारणी तोंडात बोटं घालत. "आमची घरी मख्खासारखी बसतात, तुमच्याकडे कसली बोलतात हो!"

नवरा वेगळा राहायला गेला, तसा घरात मुलीसाठी रोज संध्याकाळी खास वर्ग सुरू झाला. पुस्तकं आई स्वतः निवडून आणायची. आधी शिकारीला जाऊन लेकीला विसरलेला राजा आला. मग अंडं बर्फावर टाकून समुद्रात गेलेला पेंग्विन. मग एक सुतार, जो गावभरची दारं बसवायचा आणि त्याच्या स्वतःच्या घरात वारा शिरायचा. योगायोग म्हणायचा, दुसरं काय. चांगले बाप त्या दिवसांत वाचनालयातून बहुधा दुसरंच कुणीतरी घेऊन गेलेलं असे.

"राजा का विसरला असेल?"

"त्याला शिकार आवडत असेल."

"अजून खोल."

"त्याला घरचा रस्ता सापडत नसेल."

"अजून खोल जा, बाळा."

मुलगी पुस्तकाकडे बघायची, मग आईच्या चेहऱ्याकडे बघत बसायची. शेवटी म्हणायची, "त्याला ती आवडतच नसेल."

"शाब्बास!"

इथे तळ लागायचा. पाठ थोपटली जायची आणि पुस्तक मिटायचं.

समोरच्या बाकावर नवरा बसला होता. कायद्यानं अजून नवराच. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, कामावरच्या निळ्या शर्टातच आलेला. मुलीसाठी विनोदांचं पुस्तक घेऊन आला होता. विनोदांचं! आईनं ते लांबूनच वाचलं आणि नाक मुरडलं.

त्याचा फोन वाजला.

"आजी, मीच बोलतोय. घाबरू नका. लिफ्टचं दार ढकलू नका, खाली बसून घ्या बघू. आमचा माणूस निघालाय. तो येईपर्यंत मी फोन ठेवत नाही. हां, नातू कितवीत आहे म्हणालात?"

"बघ," आई भावाला म्हणाली. "जगात कुणीही अडकलं की हा हजर. घरात मी अडकले होते, ते कधी दिसलं नाही."

"पण ताई, आपल्या आईच्या आजारपणात मात्र यानंच..."

"तू कुणाकडून आलायस?"

भाऊ पुन्हा पाय हलवू लागला. त्याचं रात्रीचं जेवण ताईकडे असायचं.

वकिलानं आईला स्पष्ट सांगितलं होतं. पोर जाणती आहे, ती आज जिथे राहायचं म्हणेल, तिथेच राहील. आईनं मान डोलावली होती. जगातल्या कुठल्याही गोष्टीत खोल जायची तिची तयारी असे. मुलीशिवायचं घर, या एकाच गोष्टीत उतरायची तिची छाती होत नव्हती.

दार उघडलं. मुलगी बाहेर आली आणि सरळ बापाकडे गेली.

आई बाकावरून अर्धवट उठली.

मुलीनं पुस्तक घेतलं. बापाच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटली. बापानं मान डोलावली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे पुसायला तोंड भिंतीकडे केलं.

"आई, तुम्ही या आत," समुपदेशक बाई म्हणाल्या.

खोलीत लहान मुलांच्या खुर्च्या होत्या. आईला त्यांतल्याच एकीवर बसावं लागलं.

"मुलगी तुमच्याकडे राहायचं म्हणते," बाई म्हणाल्या. "दोनदा विचारलं. ठाम आहे."

आईला हुंदका आला. तो तिनं गिळला आणि मग गिळायचं कारण राहिलं नाही म्हणून मोकळेपणी रडली. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. तो संपेपर्यंत आई पुन्हा वर्ग घेणारी आई झाली होती.

"का, ते विचारलंत?"

"उत्तर स्पष्ट आहे हो. मला तेवढं पुरतं."

"छे छे. कारण दिल्याशिवाय तिचं उत्तर पुरं होत नाही, मी तशी सवयच लावलीय. सांगितलं असेल तिनं."

"सांगितलं." बाईंनी पेनाला टोपण लावलं. "पण राहू दे ना. निकाल तुमच्या मनासारखा लागलाय, आता मुलीला घेऊन घरी जा."

"अहो, सांगा तरी! रविवारी वर्गात मुलांना सांगता येईल."

बाईंनी दार नीट लागलंय ना, ते पाहिलं.

"म्हणाली, बाबांना सोडलं तरी ते माझे बाबाच राहतील. आईला सोडलं, तर पुढच्या गोष्टीतली वाईट मीच असेन."