गुणवंताची रवानगी

तालुक्याचा गुणवंत कर्मचारी पुरस्कार मला मिळाला. पण तो मिळालेलाच नाही असं धरून मी सकाळपासून टेबल पुसतोय.

आमच्या कचेरीत गुणवंताची जिल्ह्याला हमखास बदली होते. त्यामुळे जो माणूस नकोसा होतो, त्याचंच नाव सगळे एकमताने सुचवतात. दिवसभर घसा खाकरणारे घोलप असेच गुणवंत झाले. त्यांच्या निरोपाला मीच सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या होत्या.

"तांबोळीबाई, माझं नाव कुणी सुचवलं?"

"सगळ्यांनी," शेजारच्या टेबलावर डबा उघडत त्या म्हणाल्या. "तुझ्या विनोदांना कंटाळून दहातोंडे भाऊसाहेब हल्ली अडगळीच्या खोलीत उंदरांजवळ जेवतात."

"उंदरांना विनोद कळतात का?"

"बघ, लागलास परत!"

तरी त्यांनी रोजच्यासारखी अर्धी पोळी माझ्या झाकणात ठेवली. जिल्ह्याला मला अर्धी पोळी कोण देणार?

मी पोळी संपवून अर्ज लिहिला: "महोदय, सबब नम्र विनंती की, सदर कर्मचाऱ्याचे सर्व गुण तत्काळ रद्द करावेत आणि त्यास नालायक घोषित करून याच टेबलावर, याच डब्याशेजारी, सेवानिवृत्तीपर्यंत कायम ठेवावे."