जिभेखालची झडती

“आ करा, मामा. जीभ वर.”

आण्णाप्पामामा निमूट तोंड उघडायचे. टीबीच्या गोळ्या पोटात गेल्या का, हे गावची आशाताई म्हणून मी रोज बघायचे. तीन महिने झाले तरी खोकला हटेना, वजन वाढेना. माझी पाठ वळली, की म्हातारा गोळ्या थुंकतो, अशी माझी खात्रीच झाली. मी सांगितल्यावर त्यांच्या सुनेनंही मोरी, कुंड्या धुंडाळल्या.

“बिरोबाच्यान गिळतोय, ताई,” मामा म्हणायचे. मी नुसती हसायचे.

शेवटी दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना स्वतःसमोर गोळ्या दिल्या, दोन तास तिथंच बसवलं आणि मग रक्त घेतलं. रिपोर्ट वाचून ते म्हणाले, “औषध रक्तात उतरतच नाही पुरेसं. गोळ्या अंगाला लागत नाहीत यांच्या. डोस वाढवू.”

मी चरकले. मामांचा चेहरा मात्र उजळला. “म्हंजे मी खोटं बोलत नव्हतो न्हवं, डॉक्टर? तेवढं सुनंला फोनवर सांगा की.”

दुसऱ्या सकाळी वाढीव गोळ्या गिळून मामांनी सवयीनं आ केला.

मी त्यांच्या हनुवटीला हात लावून तोंड हळूच मिटवलं.