डाव्या कोपऱ्यात

तिन्ही मांडण्या दाखवून झाल्यावर पियूषने खुर्ची मागे सरकवली. "मग आबा, यातली कुठली टाकू?"

नेरे गावात हैबतराव आबांच्या घरी वरच्या खोलीत पियूष भाड्याने राहायचा, आणि खाली बाहेरच्या खोलीत आबांचा जुना कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत होता. टाकून कशाला देता, विंडोजच्या जागी लिनक्स टाकू, फुकट असतं, असं पियूषनेच हौसेने सुचवलं होतं. आतली सिस्टिम एकच, पण पडद्याची मांडणी, म्हणजे डेस्कटॉप, आपल्या पसंतीने निवडायची. लिनक्सचा विषय निघाला की या पोराला आवरणं कठीण. अख्खी दुपार तो आबांना सगळं समजावत बसला होता, आणि आबाही ऐकत होते.

"मला काय इचारता साहेब? काम करनार रेश्मा. काय गं, कंचं सोपं जातंय तुला?"

रेश्मा, आबांची सून, दाराशी उभी होती ती पुढे आली. पौडला एसटीने जाऊन तिने कॉम्प्युटरचा क्लास केला होता. गावाला लागून उभ्या राहिलेल्या सोसायटीच्या ऑफिसात जागा निघाली होती. तिथला मॅनेजर उद्या सकाळी याच कॉम्प्युटरवर तिची ऑनलाइन परीक्षा घेणार होता. सासऱ्याने आपल्याला विचारलं, याचाच तिला केवढा आनंद झाला.

"दुसरं, आबा. क्लासात अस्संच हाय. खाली डाव्या कोपऱ्यात दाबलं की सगळं निघतंय. डोळं झाकून करीन मी."

"झ्याक. जा, च्या टाक. साहेबांना भजी बी कर."

ती आत गेली. आतून कांदा चिरल्याचा आवाज येऊ लागला, तसे आबा खुर्चीत पुढे वाकले.

"दुसरं सोडून टाका."

पियूष हसला. आबा हसले नाहीत.

"त्ये तिसरं टाका. मोकळ्या पडद्याचं. कोपऱ्यात काय न्हाई, त्ये."

"पण आबा, उद्या त्यांची परीक्षा..."

"देऊ दे की. नोकरीला न्हाई म्हननार न्हाई, असा तिच्या बापाला शब्द दिलाय मी. न्हाई म्हनलो का? पर ती सोसायटी आमच्या वावरात उभी हाय साहेब. तितं आमची सून लोकांच्या पावत्या फाडत बसंल व्हय?" मग आवाज जराही न चढवता आबा म्हणाले, "तुमची खोली बरी हाय न्हवं? पानी-बिनी येतंय?"

परभणीहून आलेल्या एकट्या पोराला या गावात कोणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा आबांनी खोली दिली होती. पियूष पडद्याकडे वळला. शिवाय तिसरी मांडणी त्याची स्वतःची आवडती. रोज तो तीच वापरायचा, तिच्यासाठी इंटरनेटवर अनोळखी लोकांशी हमरीतुमरीवर यायचा. वाईट वस्तू थोडीच देतोय आपण, असं त्याने मनाला समजावलं, आणि त्या भल्या मनाला ते लगेच पटलंही. त्याने बटण दाबलं.

रेश्मा चहा-भजी घेऊन आली तेव्हा सगळं बसवून झालं होतं. "तुमच्या च्यात आलं जास्त घातलंय दादा. येवढं केलंत माझ्यासाठी."

पदराला हात पुसून ती खुर्चीवर बसली. माउसने पडद्यावरचा बाण खाली डाव्या कोपऱ्यात नेला. दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग तिने माउस उलटा करून बघितला, पदराने पुसला आणि आणखी एकदा दाबलं.

कीबोर्डच्या खालच्या ओळीत एक बटण होतं. ते दाबलं की या मांडणीतही सगळं समोर येतं. पियूषने एका वाक्यात सांगितलं असतं तर तिला एका मिनिटात जमलं असतं. आबा बशीतल्या चहावर फुंकर घालत त्याच्याकडेच बघत होते.

"दादा, कोपऱ्यातलं कुटं गेलं?"

पियूषने चहाचा घोट घेतला. आलं खरंच छान उतरलं होतं.

"हे नवीन आहे ना," तो म्हणाला. "नव्यात ते नसतं."

"बघ, साहेबच सांगत्यात," आबा म्हणाले. "मी म्हनलो असतो तर तुला खोटं वाटलं असतं."

"म्हंजे मीच जुनं शिकले," रेश्मा पुटपुटली, आणि त्याच कोपऱ्यात पुन्हा पुन्हा दाबत राहिली.